खांब कितवा? कार्ले चैत्यगृहातल्या एआर प्रकल्पाच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

कामाचा श्रीगणेशा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. कारण सरळ आहे. कार्ल्याला रोज जाणं जमणार नाही, आणि एकसारख्या खांबांच्या दोन रांगा तर मला रोज हव्यात. इथे त्या आहेत. वर मिणमिणता उजेडही आहे, म्हणजे लेण्याचा सराव आयताच.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने मीच विसरेन. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी. त्यांतल्या बऱ्याच खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. माणूस त्यांच्याजवळून जातो, फोटो काढतो, पुढे सरकतो. अक्षरं आहेत हेच कळत नाही. फोन खांबासमोर धरला की त्याच खांबावर, त्याच उंचीवर, लेखाचं देवनागरी वाचन आणि मराठी अर्थ दिसावा, एवढंच करायचं. समोरच्या खऱ्या दृश्यावर असा मजकूर चढवणं म्हणजेच एआर, ऑगमेंटेड रिॲलिटी. लेण्यात नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा सगळं फोनमध्येच साठवलेलं हवं.

पहिला धडा पंधरा मिनिटांत मिळाला. फोनला आपण जगात कुठे आहोत हे कळत नसतं. कॅमेऱ्याला दिसणारे कोपरे, डाग, कडा तो लक्षात ठेवतो, त्याला आतल्या हालचालमापकांची जोड देतो आणि सुरुवातीच्या जागेपासून आपण किती सरकलो, किती वळलो याचा अंदाज बांधत राहतो. लाइट गेल्यावर आपण चाचपडत स्वयंपाकघरापर्यंत जातो, तसं. म्हणून ॲप पुन्हा चालू केलं की सुरुवात नव्याने, आणि मघाशी बी-१२ या खांबावर चिकटवलेलं लेबल आता हवेत.

वॉचमन काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काय शोधताय साहेब?" सांगितलं, की फोनला खांब ओळखायला शिकवतोय. "नंबर टाकलेत की खांबावर. मग फोन कशाला?"

१७ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस अक्षरांनी खाल्ला. त्रिमिती दृश्यात मजकूर काढणाऱ्या घटकाला देवनागरीची जुळणी येत नाही. 'दिलेला' लिहिलं की वेलांटी द च्या पाठीमागे जाऊन उभी राहते, जोडाक्षरांचे पाय सुटे होतात. 'स्तंभ' चा 'स् तंभ' झाला. मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हा खड्डा एकदा पाहिलेला असतो. तोडगा जुनाच. मजकूर फोनच्या नेहमीच्या मजकूरयंत्रणेकडून रेखाटून घ्यायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र दृश्यात टांगायचं. वेलांटी जागेवर आली.

ब्राह्मीने उलट काही त्रास दिला नाही. युनिकोडमध्ये ती २०१० पासून आहे आणि फुकट फाँटही मिळतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी एका फटक्यात आणि रोजची देवनागरी दोन दिवसांत. असो.

अक्षर किती मोठं हवं याचा हिशेब केला. तीन मीटरवरून पाहताना एक अंश म्हणजे साधारण सव्वापाच सेंटिमीटर. फोनच्या पडद्यावर वाचायला एवढं पुरतं, पण मग एका ओळीत पाच-सहाच शब्द मावतात. खांबावरचे दानलेख नेमके तेवढेच छोटे आहेत. नशीब.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली फेरी. सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरून रिक्षाने पायथ्याला, मग साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. फुलं-नारळांची दुकानं, ताक, आणि एकवीरेच्या दर्शनाला निघालेली आगरी-कोळी कुटुंबं. आईचं देऊळ चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. त्यामुळे वर येणाऱ्या दहांतले आठ जण देवीसाठी आलेले असतात आणि लेणं जाताजाता बघतात. माझं ॲप वापरणारा माणूस हाच. त्याच्या एका हातात प्रसादाची पिशवी असते आणि दुसऱ्या हातात पोर. हे पार्किंगमध्ये सुचलं नव्हतं.

आधी बाहेरचा सिंहस्तंभ घेतला. त्यावरचा लेख महारठी गोतिपुत अग्निमित्रणकाचा: 'सिहथभो दानं', सिंहस्तंभ दान. उघड्यावर आहे, तर उपग्रहावरून जागा धरावी असं वाटलं होतं. उपग्रहाची चूक काही मीटरांची, त्यात एका बाजूला उभा कडा. लेबल कधी देवळाच्या भिंतीवर, कधी दरीत. होकायंत्रही लोखंडी कठड्याजवळ भरकटलं. ही वाट आजच बंद केली. आत छताखाली तर उपग्रहाचा प्रश्नच येत नाही.

मग खुणेचं चित्र वापरून पाहिलं. पद्धत अशी: एखादं सपाट चित्र फोनला आधी दाखवून ठेवायचं, ते समोर आलं की त्याला आधार धरून बाकीचं मांडायचं. संग्रहालयात अशी छापील खूण सहज लावता येते. इथे संरक्षित स्मारकावर कागद काय, टिकलीही चिकटवायची नाही, आणि तेच बरोबर आहे. म्हणून लेखाचाच फोटो खूण म्हणून वापरला. एआरकोअरच्या, म्हणजे गूगलच्या एआर संचाच्या, साधनात चित्राला शंभरपैकी गुण मिळतात आणि किमान ७५ असावेत असा सल्ला आहे. माझ्या फोटोंपैकी एकही त्याच्या जवळपास गेला नाही. काळ्या दगडात काळी, उथळ, झिजलेली अक्षरं. सूर्य सरकला की सावली सरकते आणि फोनच्या लेखी चित्रच बदलतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज आत.

चैत्यगृह साधारण ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. डोक्यावर लाकडी कमानी, त्या काळातल्या, अजून जागेवर. हे दर वेळी पाहतो आणि दर वेळी दोन मिनिटं काम थांबतं.

दगड खडबडीत असल्याने फोनला पकडायला खुणा भरपूर मिळाल्या. माग, म्हणजे फोनचा स्वतःच्या जागेचा अंदाज, छान लागत होता. भीती अंधाराची होती, पण त्रास दिला उजेडाने. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर मोठ्या गवाक्षातून ऊन आत येतं. स्तूपाकडून दाराकडे वळलो की कॅमेऱ्याचे डोळे दिपतात, समोरचे खांब काळ्या पट्ट्या होतात आणि माग तुटतो. पुन्हा आत वळलो की फोन आजूबाजूला बघून 'हां, ही जागा ओळखीची' म्हणतो आणि लेबलं परत मांडतो.

एक खांब सोडून.

दोन-तीन वेळा झालं तेव्हा योगायोग वाटला. मग मुद्दाम आठ वेळा केलं. आठांत पाच वेळा लेबलं एका खांबाने पुढे किंवा मागे. वाईट म्हणजे ती डळमळत नव्हती. अगदी ठाम उभी होती, खांबाच्या मधोमध, योग्य उंचीवर. यवनाचं (त्या काळी ग्रीकांना, परदेशी लोकांना यवन म्हणत) दान एका भलत्याच दात्याच्या खांबावर दिमाखात लटकलेलं. लेबल हवेत तरंगत असतं तर माणूस हसून सोडून देतो. असं नेटकं चुकलेलं लेबल तो घरी जाऊन दुसऱ्याला सांगतो.

६ जानेवारी, सोमवार, रात्री

कारण उघड आहे, लाज एवढीच की आधी सुचलं नाही. खाली घट, वर अष्टकोनी दांडा, त्यावर उलट्या कमळासारखा भाग, मग बसलेले हत्ती आणि त्यांवरची जोडपी. पंधरा वेळा तेच. दोन खांबांतलं अंतर दोन-तीन पावलांचं. फोनला पाचवा आणि सहावा यांत फरक दिसावा तरी कसा? यंत्रदृष्टीच्या अभ्यासात हा जुना आजार आहे, दिसायला सारख्या असलेल्या जागांची गल्लत. मी साठवलेला नकाशाच पंधरा जुळ्या भावांचा आहे. त्यात फोनचा काय दोष.

तळघरातही हेच झालं असणार, पण तिथे मी लेबलावर नुसतं 'खांब' लिहिलं होतं. कोणता ते तपासलंच नव्हतं. काकांचा प्रश्न आत्ता टोचतोय.

१९९७ साली कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीवर संगणक, डोक्यावर पारदर्शक पडदा आणि हातात आणखी एक छोटा पडदा घेऊन आवारातल्या इमारतींवर नावं दाखवली होती. तेव्हाही नाव त्या इमारतीवर दिसायचं आणि सविस्तर वाचायचं तर हातातल्या पडद्यावर. ही वाटणी मला आता पटायला लागली आहे. शिवाय इमारती मोठ्या आणि वेगवेगळ्या. मी निवडलेले खांब मात्र एका साच्यातले.

१२ जानेवारी, रविवार

बाईंना घेऊन गेलो. कॉलेजात पाली शिकवायच्या, आता निवृत्त. ब्राह्मी मला त्यांनीच शिकवली, म्हणजे प्रयत्न केला. गुडघे दुखत असताना त्या पायऱ्या चढल्या. मध्ये तीनदा बसलो.

आधी पडवीतला लेख दाखवला. वैजयंती नगरीच्या शेठ भूतपालाने हे शैलगृह पुरं केलं, 'जंबुदिपम्हि उतमं', जंबुद्वीपात उत्तम. बाई हसल्या. "स्वतःच स्वतःला शाबासकी. पण खोटं नाही बोलला हो." मग माझ्या फोनवरचं लेबल वाचून म्हणाल्या, "अरे, पण तू अर्थ फारच लांबवलायस. त्याने सहा-सात शब्दांत आटपलं, तू परिच्छेद लिहिलास."

क्रमांकांचा घोळही त्यांनीच निस्तरला. हे लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली छापले, पुढे सेनार यांनी एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेत, मग ल्यूडर्स यांनी आपल्या यादीत. एकाच लेखाला तीन ठिकाणी तीन क्रमांक, आणि मी त्यांची खिचडी करून ठेवलेली. बाई म्हणाल्या, "आधी जागेवरून नाव दे. डावी रांग, उजवी रांग, दारापासून कितवा. ग्रंथातले क्रमांक त्याच्या पोटात टाक." तसं केलं. विदागाराची (डेटाबेसची) मुख्य कळ आता 'रांग आणि दारापासून कितवा' ही आहे.

मग आम्ही आत गेलो. 'धेनुकाकटा यवनस सिहधयानं थंभो दानं.' धेनुकाकट गावच्या सिहधय या यवनाचा खांब, दान. बाई बराच वेळ तिथे थांबल्या. "यात 'हा खांब' असं म्हटलेलं नाहीये, बघ. नुसतं 'खांब'. कारण अक्षरं खांबावरच आहेत, वेगळं सांगायची गरज काय? हाच मजकूर पुस्तकात गेला की लगेच तळटीप लागते, कोणता खांब म्हणून." मला एकदम वॉचमन काका आठवले. त्यांना सांगितलं तर म्हणतील, मी तेच बोललो होतो.

दाराचंही तसंच. धेनुकाकटच्या सिंहदत्त गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दार दिलं, तर ते दारावर लिहिलंय. वेणुवासाचा मुलगा सामि या सुताराने दार केलं, तेही तिथेच. पैसे देणारा आणि हाताने काम करणारा, दोघांची नावं आपापल्या कामावर. मी महिनाभर ज्याला 'जागेशी बांधलेली माहिती' म्हणून मिरवतोय, ती इथे आधीच जागेशी बांधलेली आहे. माझं काम फक्त ती वाचता येईल असं करायचं, जागा न हलवता. आणि जागाच तर मी हलवत होतो, एका खांबाने.

१९ जानेवारी, रविवार

सोपारकच्या सातिमित या भिक्षूचा खांब. लेखात तो 'ससरीरो थभो' म्हणजे धातूंसह, अवशेषांसह दिलेला खांब आहे. मनात आलं, फोन धरला की दगड पारदर्शक व्हावा आणि आत अवशेषांचा चमकता करंडक दिसावा. दोन संध्याकाळी घालवून नमुना केला. दिसतोही झकास. पुतणीने तर ओरडून दाद दिली.

बाईंना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "तो करंडक तू पाहिलायस का?" काढून टाकला. लेख काय म्हणतो ते लेबलात आहे. बाकी दगड दगडासारखा दिसू दे.

२ फेब्रुवारी, रविवार

गल्लतीवरचा इलाज आकार घेतोय. फोनला सगळीकडून ओळखायला लावणं सोडून दिलं. आता सुरुवात एकाच जागेवरून: मधल्या दारात उभं राहा, समोर स्तूप धरा. स्तूप एकच आहे, त्याची गल्लत होत नाही. तिथून पुढे फोन पावलांचा हिशेब ठेवतो. लेण्याच्या टोकापर्यंत जाताना हा हिशेब अर्धा-पाऊण मीटर सरकतो, पण दोन खांबांतलं अंतर त्याहून जास्त, त्यामुळे निभतं. माग तुटला तर ॲप स्वतःहून जागा ठरवत नाही. शेवटचा पक्का खांब कोणता होता ते बघतो आणि त्याच्या शेजारचेच दोन-तीन पर्याय धरतो. पर्यायांतला एक निवडायला शिल्पांची मदत घेतली. मधल्या दालनाकडे तोंड केलेले हत्ती, मागच्या ओवरीकडे घोडे. त्यामुळे माणूस खांबाच्या कोणत्या बाजूला उभा आहे एवढं तरी चटकन कळतं.

हे सगळं करूनही संशय उरतो. म्हणून खाली दोन बटणं दिली: 'एक मागे' आणि 'एक पुढे'. माणूस दारापासून बोटाने खांब मोजू शकतो. त्याला वाटलं चुकलंय, तर दाबावं, सगळी रांग एका खांबाने सरकते. संगणकवाल्या मित्राला हे बघून हसू आलं. "एवढं करून शेवटी बटण?" हो, बटण.

९ फेब्रुवारी, रविवार

लेबलांची गर्दी. दारात उभं राहिलं की दोन्ही रांगांतली लेबलं एकावर एक चढून बोर्डांनी भरलेला लक्ष्मी रोड होतो. अडीच मीटरच्या आतलंच लेबल पूर्ण उघडायचं, लांबचं फक्त ठिपका, असं ठरवलं. ठिपका म्हणजे इथे लेख आहे. ठिपका नाही त्या खांबावर लेख नाही, हीसुद्धा माहितीच.

लांब लेख हवेत वाचायचेच नाहीत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे याच कार्ल्याच्या, लेण्यांतल्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याचा लेख, त्याच गावाबद्दल मामालच्या अमात्याला दिलेली आज्ञा. हे मामाल म्हणजेच आपलं मावळ असं मानतात. वाचायला जबरदस्त, पण दोन मिनिटं फोन उचलून धरला की हात भरून येतो. आता फोन खाली केला की लेबल पडद्यावरच्या साध्या पानात येतं आणि वर लेण्याचा आराखडा दिसतो, आपण कुठे उभे आहोत त्या खुणेसह. कोलंबियावाल्यांची वाटणी शेवटी मीही उचलली.

१ मार्च, शनिवार

घरच्यांची परीक्षा. बहीण, मेहुणे, पुतणी, आणि मेहुण्यांची आई. तिकीट काढून, साध्या हातांनी, तिवई-फ्लॅश काही नाही. तिवई लावायची तर वेगळी परवानगी लागते, आणि तसंही तिवईवर कोण फिरतं.

पुतणीने चार मिनिटांत सगळे ठिपके उघडले आणि कंटाळली. मेहुणे लांब लेखांत रमले. बहिणीने फोन एकदाही स्तूपाकडे धरला नाही, त्यामुळे तिला काहीच दिसलं नाही, आणि तिने ते मला घरी आल्यावर सांगितलं. सुरुवातीची सूचना पडद्यावर होती. तिने ती जाहिरात समजून बंद केली.

आजींनी फोन घेतलाच नाही. पुतणी वाचत होती, त्या ऐकत होत्या. एका खांबापाशी विचारलं, "बाईचं नाव आहे का कुणाचं?" मी ॲपमध्ये शोधायला लागलो. शोध शब्दावर चालतो, 'बाई' वर नाही. दात्यांची माहिती भरताना गाव आणि व्यवसाय भरले, स्त्री की पुरुष हे मी कधी भरलंच नव्हतं. कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर.

२३ मार्च, रविवार

चैत्रातली एकवीरेची यात्रा तोंडावर आली, त्यामुळे पुढचे काही आठवडे वर जाण्यात अर्थ नाही. पालखी, ढोल आणि पाय ठेवायला जागा नाही. पुढे पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या. म्हणून आज ही शेवटची फेरी उरकली. बाई पुन्हा आल्या, या वेळी चार वेळा बसून.

उन्हं आत आली होती. मी मुद्दाम दाराकडे वळून माग तोडला आणि मग फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी खांबासमोर धरला. लेबल उघडलं, नेटकं, मधोमध. त्यांनी ते वाचलं, मग चष्मा वर करून दगडावरची अक्षरं वाचली, दगडाला बोट न लावता हवेतच गिरवत. पुन्हा लेबलाकडे पाहिलं.

"एक मागे," त्या म्हणाल्या आणि बटण शोधायला लागल्या. दोनदा दाबलं, लागलं नाही. तिसऱ्यांदा लागलं आणि रांग सरकली.

घरी येऊन बटण दुप्पट मोठं केलं.